काळ्या डोंगरावरची घसरगुंडी

बूट घाला. जुनेच घाला, तासाभरात ते काळे होणार आहेत. तुम्ही आता नऊ वर्षांचे आहात, दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यात, 1950च्या दशकात. सुट्टीचा सोमवार आहे, गल्लीभर धुणं वाळतंय आणि घरांच्या रांगेमागे उभी आहे टिप. खाणीतून कोळशाबरोबर निघालेला दगड, माती, चुरा वर्षानुवर्षं ओतून झालेला काळा डोंगर.

डोक्यावरून तारेला लटकलेल्या लोखंडी बादल्या करकरत जातात. शेंड्याशी बादली उलटते आणि दगड खडखडत खाली सुटतात. "सरका मागं!" कुणीतरी ओरडतं. तुम्ही सरकता, पण थोडंसंच.

खाणीतल्या टाकाऊ पट्ट्याचा तुकडा सापडला? मग चढा. पाय घोट्यापर्यंत रुततात. दोन पावलं वर, एक खाली. मध्येच तळवे भाजतात, कारण आत कोळसा धुमसतोय. गंधकाचा उग्र वास घशात बसतो. आता पट्ट्यावर बसा, पाय उचला आणि सुटा! कानांत वारा, दातांत चुरा, मागून किंचाळत येणारी चार पोरं. खाली मेंढ्या चौखूर उधळतात. तुमचा गुडघा सोलवटलाय. धुऊन घ्या, चुरा आत राहिला तर तिथं जन्मभर निळी खूण राहील, खाणकामगारांच्या अंगावर असते तशी.

भोंगा वाजतो, पाळी सुटते. तुम्ही घराकडे पळता. तव्यावर मनुका घातलेले वेल्श केक फुगतायत आणि दारात मॅम, म्हणजे आई, उभी आहे. "आत पाऊल टाकू नकोस! आधी अंघोळ." चुलीपुढच्या पत्र्याच्या टबातलं पाणी क्षणात काळं होतं. उद्या परत जायचंच, हे तुम्ही मनात पक्कं केलेलं असतं. टिपेची भीती कुणालाच वाटत नाही. टिप रोजचीच आहे.

पण पुढे 21 ऑक्टोबर 1966च्या सकाळी, जवळच्याच टॅफ नदीच्या खोऱ्यात, ॲबरफॅन गावात झऱ्यावर रचलेली अशीच एक टिप पाण्यानं फुगून शाळेवर आणि घरांवर कोसळली. 144 माणसं गेली, त्यांत 116 मुलं होती. फेब्रुवारी 2020च्या वादळी पावसात ऱ्होंडातल्या टायलर्सटाउनलाही टिप घसरली. तेव्हा सुदैवानं कुणी दगावलं नाही. वेल्समध्ये आजही अशा दोन हजारांहून जास्त टिपा आहेत. कितीतरी टिपांवर आता गवत उगवलंय. गवत उगवलं तरी ते माणसानं रचलेले ढीगच आहेत, आणि त्यांच्यावर कायम नजर ठेवायलाच हवी.