व्हर्च्युअल लॅबमधला ऑर्गनचा भाता

बारामती एमआयडीसीजवळच्या धावपट्टीवर वैमानिक घडवण्याचं काम बरीच वर्षं चालत आलं आहे. त्याच गावात तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात बीएस्सीची मुलं लंबकाचा दोलनकाळ मोजतात आणि ब्यूरेटसमोर डोळे बारीक करून उभी राहतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. माझं मात्र ठाम मत आहे की संगणकाच्या पडद्यावर स्लायडर सरकवून केला जाणारा प्रयोग, म्हणजे आपली व्हर्च्युअल लॅब, कॉकपिटच्या घराण्यातली आहे. आणि या घराण्याचा मूळपुरुष ऑर्गन बनवणाऱ्याचा मुलगा होता.

त्याचं नाव एडविन लिंक. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. लिंकला विमान चालवायचं वेड लागलं, पण हवेतला एकेक तास महाग पडायचा. मग 1929 साली त्याने कारखान्यातलंच सामान वापरून आखूड पंखांचं एक बुटकं विमान तयार केलं आणि ते ऑर्गनच्या भात्यांवर बसवलं. दांडा हलवला की झडपा उघडत-मिटत, एका बाजूचा भाता फुगे, दुसरा बसे आणि अख्खी पेटी कलायची. संगीत नाटकात पायपेटी जवळून पाहिलेल्या माणसाला ही करामत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

सुरुवातीला हे यंत्र जत्रेतल्या करमणुकीसाठी विकलं गेलं. 1934 साली अमेरिकी लष्कराकडे टपालवाहतूक आली, खराब हवेत वैमानिक दगावू लागले, तेव्हा लष्कराने सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात ती हजारोंनी बनली.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती शिक्षकाच्या टेबलावरची तीन चाकांची छोटी गाडी. तिला ‘क्रॅब’ म्हणत. झाकण लावलेल्या पेटीत शिकाऊ वैमानिक नुसत्या काट्यांकडे बघत ‘उडत’ असायचा आणि इकडे क्रॅब नकाशावर शाईची रेघ ओढत जायचा. गडी कुठे भरकटला, कुठे सावरला, सगळं कागदावर उतरायचं. चुकायला पूर्ण मोकळीक होती आणि प्रत्येक चुकीची नोंदही होत होती. चांगल्या आभासी प्रयोगाचं मर्म माझ्या मते एवढंच आहे.

  

पण भात्यापासून संगणकापर्यंत कूळ पोचतं कसं? इथे खरा दुवा सापडतो. प्रत्येक जातीच्या विमानासाठी वेगळं शिकाऊ यंत्र बनवण्याला अमेरिकी नौदल कंटाळलं होतं. कुठल्याही विमानाचं सोंग घेऊ शकेल असं एकच यंत्र त्यांना हवं होतं. 1944 साली एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्याकडे हे काम आलं आणि त्यातूनच ‘व्हर्लविंड’ संगणक जन्मला. वैमानिकाने दांडा हलवला की यंत्राने त्याच क्षणी उत्तर दिलं पाहिजे, या एका अटीपायी तत्काळ प्रतिसाद देणारा संगणक घडला. पुढे विमानाचा भाग गळून पडला, पडदा मात्र राहिला. त्याच वंशातल्या टीएक्स-2 वर आयव्हन सदरलंडने 1963 साली ‘स्केचपॅड’ केलं, म्हणजे पडद्यावरची आकृती माणसाच्या हाताने हलू लागली. आज मोबाइलवर लंबकाची लांबी बोटाने वाढवणारा विद्यार्थी याच वंशाचा वारसदार आहे.

यापुढचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. नोबेल विजेते कार्ल वाइमन यांनी 2002 साली कोलोरॅडोत ‘फेट’ हा आभासी प्रयोगांचा प्रकल्प सुरू केला; त्यातले प्रयोग आता मराठीतही मिळतात. 2009 पासून केंद्र सरकारच्या योजनेतून आयआयटी दिल्लीच्या पुढाकाराने आपल्याकडची ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ उभी राहिली. आयआयटी मुंबई आणि पुण्याचं सीओईपी त्यात आहेत. 2020 च्या मार्चमध्ये कोविडमुळे प्रयोगशाळांना कुलपं लागली आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं.

माझ्या मताला तगडा प्रतिस्पर्धी आहे तो बेडूक. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणतील, आमच्याकडे पडदा आला तो विच्छेदन थांबलं म्हणून. यात तथ्य आहे. अमेरिकेत 1994 साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने इंटरनेटवर आभासी बेडूक ठेवला होता. आपल्याकडे यूजीसीने 2011 साली विच्छेदनाला आळा घातला आणि 2014 साली ते पूर्ण बंद केलं. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणलेला बेडूक गेला, त्याच्या जागी चित्रफिती आणि सॉफ्टवेअर आलं. तरीही बेडकाला मी मूळपुरुष मानत नाही. पडद्यावरच्या त्या बेडकाचे पदर क्रमाने उलगडत जातात, पण कात्री भलतीकडे गेली म्हणून रक्तवाहिनी तुटत नाही. जिथे चुकता येत नाही तो देखावा झाला, प्रयोग नव्हे.

हाच आक्षेप माझ्या लाडक्या घराण्यावरही घेता येतो, हे खरं. पुष्कळ आभासी लंबक फारच शहाण्यासारखे वागतात. वाचनं सुबक येतात, आलेख सरळ रेषेत पडतो. व्हर्नियरचा शून्यदोष नाही, पॅरलॅक्स नाही, स्टॉपवॉच दाबायला झालेला उशीर नाही. यावर उत्तम तोड काढली ती आयआयटी मुंबईत कन्नन मौदगल्य यांच्या गटाने. त्यांच्या ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम’मध्ये एक छोटा हीटर, एक पंखा आणि तापमान मोजणारा सेन्सर आहे. ही यंत्रं खरीखुरी, पवईला ठेवलेली. विद्यार्थी इंटरनेटवरून हीटर-पंखा कमीजास्त करतो. तापमानाचे आकडे खऱ्या यंत्राचे असल्यामुळे थरथरतात. भिगवणसारख्या गावातल्या मुलाला घरबसल्या असा आकडा पाहायला मिळणं मला फार मोठी गोष्ट वाटते.

वैमानिकीने या बाबतीत हिशेब केव्हाच मांडून ठेवला आहे. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी 200 तास उड्डाण लागतं. काट्यांवरून विमान हाकण्याच्या वेगळ्या पात्रतेसाठी, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, तशा उड्डाणाचे 40 तास लागतात, त्यातले सिम्युलेटरवरचे जास्तीत जास्त 20 धरले जातात. विज्ञान शाखेच्या अभ्यासमंडळांनीही प्रयोगागणिक असं प्रमाण ठरवावं. फोटोइलेक्ट्रिक परिणाम, किरणोत्सर्गाची मोजणी, महागड्या स्पेक्ट्रोमीटरची पहिली ओळख हे खुशाल पडद्यावर व्हावं, आणि जर्नलसोबत विद्यार्थ्याच्या सगळ्या चुकांची नोंदही परीक्षकासमोर यावी. टायट्रेशन मात्र हातानेच करावं. फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग टिकतो की एका थेंबाने गडद होऊन वाचन वाया जातं, हे ब्यूरेटची तोटी स्वतःच्या बोटांत असल्याशिवाय कळत नाही.