तळटीप १४ : चुंबकीय मेंदू-उद्दीपन

१४. चुंबकीय मेंदू-उद्दीपन : नैराश्यावरील, शस्त्रक्रियेविना दिला जाणारा उपचार; इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘टीएमएस’. डोक्याला टेकवलेल्या वेटोळ्यातून क्षणिक विद्युतप्रवाह सोडला की बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि कवटीपलीकडील चेतापेशींत सूक्ष्म प्रवाह उमटतो. यामागचे विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये मांडले. मेंदूवर त्याचा आजच्या पद्धतीचा वापर अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये शेफील्ड येथे केला. औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्याला मान्यता दिली. बहुधा कपाळामागचा डावा भाग उद्दीपित करतात. विद्युत-आक्षेप उपचारात (‘शॉक’) भूल आणि झटका असतो, तसे यात नसते. रुग्ण जागाच असतो. डोकेदुखी होऊ शकते, फिट क्वचितच येते. डोक्यात धातूचे किंवा विद्युत उपकरण असल्यास हा उपचार सहसा टाळतात. नेहमीच्या पद्धतीत आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे बैठका होतात. त्यामुळे बोर्ली पंचतन (ता. श्रीवर्धन, जि. रायगड) येथून मुंबईला उपचार घेणाऱ्याला तेवढा काळ शहरातच मुक्काम करावा लागतो.