कमलाबाईंच्या पीएचडीचे पैसे कुणी दिले?

नाशिकच्याच एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय: 'एमएस्सी झाली, पीएचडी करायचीये, पण आता घरून पैसे मागवत नाही.' मला लगेच कमला भागवत आठवल्या. लग्नानंतरच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची बहीण.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी उत्तम गुणांनी पास होऊन ही मुलगी बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज करते. म्हणजे आजची आयआयएस्सी. वडील आणि काका तिथलेच विद्यार्थी. तरी नकार! संचालक कोण, तर साक्षात सी. व्ही. रामन. कारण एकच, मुलगी आहे. ती हटून बसली, तेव्हा अटींवर घेतलं: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी नाही, आणि मुलांचं लक्ष विचलित व्हायला नको. नोबेल मिळालेला माणूस हो! कमलाबाई हा अपमान विसरल्या नाहीत, आणि का विसराव्यात?

श्रीनिवासय्यांच्या हाताखाली काम करून १९३६ ला त्या एमएस्सी झाल्या. पुढे केंब्रिज. आता खरा प्रश्न, खर्चाचं काय? तर मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या. त्यातल्या एकीला नाव सर मंगलदास नथुभाईंचं. हे एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे व्यापारी. शेठजी १८९० लाच वारले, पण विद्यापीठाकडे ठेवलेला पैसा जवळजवळ पन्नास वर्षांनी एका मुलीला बोटीवर बसवतो. मला हा भाग रामनच्या किश्शाइतकाच महत्त्वाचा वाटतो, पण तो कुणी सांगत नाही.

केंब्रिजला त्यांनी वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हे श्वसनातलं प्रथिन असतं, हे दाखवलं. सुमारे चौदा महिन्यांत काम पूर्ण, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा, १९३९ ला पीएचडी. (आपल्याकडचे जाडजूड प्रबंध आठवा!)

त्यांना सरसकट 'पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ डॉक्टर' म्हणतात, ते जरा जपून. जानकी अम्माळ यांनी १९३१ लाच मिशिगनमधून डीएस्सी मिळवली होती. त्याही शिष्यवृत्तीवरच गेल्या. आशियातल्या मुलींसाठीची ती बार्बर शिष्यवृत्ती.

आता आपल्या श्रोत्यासाठी. शेठजींची जागा आज बरीचशी सरकारने घेतलीये. सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा होते. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. इंजिनिअरिंगवाल्यांना गेटवरून आयआयटीत जाता येतं. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आहेत, पण तिथे पैसे हातात पडायला उशीर होतो, त्यासाठी मुलांना आंदोलनंही करावी लागलीत. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांची सोय आधीच करून ठेव. आणि नाशिक सोडायलाच हवं असंही नाही. विद्यापीठाची मान्यता असलेली संशोधन केंद्रं इथल्या कॉलेजांतही आहेत. फक्त गाइडकडे जागा रिकामी आहे का, हे आधी विचार.