नियम जर्मनीचा, स्थगितीही जर्मनीची

‘प्रकरण तूर्त स्थगित ठेवावे’ हा शेरा आपल्या कोणत्याही सचिवालयास नवा नाही. नस्ती बंद करावयाची नाही, निर्णयही द्यावयाचा नाही, आणि कोणी विचारलेच तर कार्यवाही चालू असल्याचे कळवावयाचे. २५ नोव्हेंबर २००३ रोजी ब्रुसेल्स येथे युरोपीय संघाच्या अर्थमंत्र्यांनी जर्मनी व फ्रान्स यांच्या नस्त्यांवर नेमका हाच शेरा मारला. शासकीय सेवेतील माणसास हा प्रसंग विशेष अभ्यसनीय वाटतो, याचे कारण असे की ज्या नियमाची कार्यवाही येथे थांबली तो नियम मुळात जर्मनीच्याच आग्रहाने झालेला होता.

जर्मन जनतेने आपले मार्क हे चलन सुखासुखी सोडलेले नाही. १९२३ मधील भयंकर चलनवाढीची स्मृती आणि १९४८ नंतर मार्कने दिलेले स्थैर्य या दोहोंचा तिच्या मनावर खोल ठसा होता. चलन सामाईक झाले म्हणजे एखाद्या सरकारने बेसुमार कर्ज काढले तरी त्याचे स्वतंत्र चलन घसरत नाही आणि व्याजदरही सर्वांस एकच राहतो. अर्थात उधळपट्टीचा भार शेजाऱ्यांवरही पडतो. म्हणून तत्कालीन अर्थमंत्री थिओ वायगेल यांनी १९९५ मध्ये प्रस्ताव मांडला, की वित्तीय तूट देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांवर गेल्यास दंड आपोआप लागू व्हावा. ‘आपोआप’ हा शब्द फ्रान्सला मान्य नव्हता. डब्लिन येथे डिसेंबर १९९६ मध्ये तडजोड झाली आणि जून १९९७ मध्ये ॲमस्टरडॅम येथे ‘स्थैर्य व विकास करार’ संमत झाला. दंडाची कमाल मर्यादा उत्पादनाच्या अर्धा टक्का ठरली. मात्र तो करावयाचा की नाही, हे अर्थमंत्र्यांच्या परिषदेने ठरवावयाचे होते. पुढील सर्व घोळाचे बीज या एका तरतुदीत आहे.

नियमाचा पहिला फटका बसला तो पोर्तुगालसारख्या लहान देशास. २००१ ची त्याची तूट ४ टक्क्यांवर गेल्याचे उघड होताच नव्या सरकारने मूल्यवर्धित कर १७ वरून १९ टक्के केला, खर्च आवळला आणि लोकांचा रोष पत्करला. जर्मनीची स्थिती त्याच सुमारास बिघडत होती. युरोपीय आयोगाने २००२ च्या प्रारंभी तिला पूर्वसूचना देण्याची शिफारस केली. सप्टेंबरात निवडणूक होती. परिषदेने आश्वासनावर समाधान मानले आणि सूचना टळली. निवडणूक आटोपल्यावर तूट ३ टक्क्यांवर असल्याचे मान्य झाले. २००२ ते २००५ या चारही वर्षी ती मर्यादेबाहेर राहिली.

चॅन्सेलर श्रोडर आणि अर्थमंत्री हान्स आयशेल यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. अर्थव्यवस्था ठप्प होती, पूर्व जर्मनीच्या एकीकरणाचा बोजा दर वर्षी चालूच होता, आणि मंदीत खर्च कापला तर तूट घटण्याऐवजी उत्पन्नच घटते, हे अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. माझा आक्षेप तुटीला नाही, पद्धतीला आहे. नियम चुकीचा वाटत होता, तर तो बदलण्याचा प्रस्ताव उघडपणे मांडावयास हवा होता. तसे झाले नाही. स्वतःच्या प्रकरणात संबंधित देशास मत देता येत नसे. परंतु जर्मनीच्या प्रकरणात फ्रान्सला आणि फ्रान्सच्या प्रकरणात जर्मनीला ते देता येत होते! परस्परांस सांभाळून घेणारे दोन आरोपी न्यायाधीशांच्या बाकावर बसल्यावर निकाल काय लागणार? नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, फिनलंड आणि स्पेन यांनी विरोध नोंदविला. तो अपुरा ठरला.

आयोगाने परिषदेलाच युरोपीय न्यायालयात खेचले. १३ जुलै २००४ रोजी न्यायालयाने स्थगितीचा ठराव रद्द केला. मात्र शिफारस स्वीकारण्यास आवश्यक बहुमत मिळाले नाही, तर परिषदेस ती स्वीकारावयास लावता येत नाही, असेही सांगितले. मार्च २००५ मध्ये अखेर नियमच शिथिल झाले. पुढे २०१० मध्ये ग्रीसला काटकसरीचे धडे देताना जर्मनीस २००३ ची आठवण करून देणारे पुष्कळ निघाले. ग्रीसने आकडे दडविले होते, तेव्हा सगळा दोष २००३ च्या माथी मारणे मला पटत नाही. उपदेशाचे वजन मात्र निश्चित घटले होते.

घरच्या नियमाबाबत जर्मनीचे वर्तन निराळे दिसते. २००९ मध्ये तिने आपल्या राज्यघटनेतच कर्जास लगाम घातला आणि मार्च २०२५ मध्ये संरक्षणखर्चासाठी तो सैल केला, तोही दोन तृतीयांश बहुमताने घटनादुरुस्ती करून. (हे बहुमत नव्या संसदेत मिळाले नसते, म्हणून मावळत्या संसदेकडून काम उरकून घेतले, ही गोष्ट अलाहिदा.)

आपल्याकडे रुपया हेही अनेक सरकारांचे सामाईक चलनच आहे, म्हणून हा इतिहास परका वाटू नये. ऑगस्ट २००३ मध्ये, म्हणजे ब्रुसेल्सच्या त्या बैठकीआधी जेमतेम तीन महिने, आपला वित्तीय उत्तरदायित्व कायदा संमत झाला. त्यातही आकडा ३ टक्क्यांचाच. घटनेच्या अनुच्छेद २९३ नुसार केंद्राचे देणे शिल्लक असलेल्या राज्यास नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. महाराष्ट्राबाहेर आपण ज्या राज्यात राहता, तेथील रस्ते, वेतन, निवृत्तिवेतन या सर्वांवर त्या संमतीची छाया असते. केंद्राने स्वतःच्या लक्ष्याची मुदत मात्र २०१२, २०१५ आणि २०१८ मध्ये वित्त विधेयकांतील दुरुस्त्यांद्वारे पुढे नेली. केरळने डिसेंबर २०२३ मध्ये कर्जमर्यादेच्या प्रश्नावर केंद्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. १ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला आणि अनुच्छेद २९३ च्या अन्वयार्थाचा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपविला.