गोर्लिट्स : नदीकाठचे जुने शहर

गोर्लिट्स : जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातील, देशाच्या अगदी पूर्व टोकाचे शहर. लोकसंख्या सु. ५६,०००. ते लाउझित्स नायसे नदीच्या पश्चिम तीरावर असून समोरच्या तीरावर पोलंडमधील झ्गोझेलेत्स (लोकसंख्या सु. ३०,०००) आहे. १९४५ पर्यंत दोन्ही तीर मिळून एकच शहर होते. ही नोंद रेल्वे स्थानकापासून नदीच्या पुलापर्यंतच्या मध्यवर्ती भागाची आणि पुलापलीकडच्या काठाची आहे. हा पट्टा जेमतेम दोन किलोमीटरांचा, आणि तो पायीच पाहावा. गाडीतून येथील दगडी कमानी आणि बोळ दिसत नाहीत, आणि गोर्लिट्सचे खरे वैभव त्यांतच आहे.

गावाचा पहिला लेखी उल्लेख १०७१ मधील, राजा चौथा हेन्‍री याच्या दानपत्रातला. व्हिया रेजिया हा युरोपचा पूर्व-पश्चिम व्यापारी मार्ग येथे नदी ओलांडत असे. कापड आणि रंग यांच्या व्यापारावर गाव श्रीमंत झाले. १३४६ मध्ये बाउट्सेन, झिटाउ, कामेन्त्स, ल्योबाउ व लाउबान या शेजारच्या नगरांबरोबर त्याने सहा नगरांचा संघ स्थापन केला. १६३५ मध्ये ते सॅक्सनीकडे व १८१५ मध्ये प्रशियाकडे गेले.

शहर नदीकडून बाहेर वाढत गेले. त्यामुळे स्थानकावरून निघालेल्याला एकोणिसावे शतक आधी भेटते आणि मध्ययुग सर्वांत शेवटी. बर्लिनर श्ट्रासे हा सरळ, दुतर्फा दुकानांचा रस्ता पोस्ट चौकात पोचतो. चौकातल्या कारंज्याला लोक प्रेमाने ‘मुशेलमिना’ म्हणतात. मूळ पुतळा महायुद्धात धातूसाठी वितळवला गेला; आजचा १९९४ मधील प्रतिकृती आहे. जवळच फ्राउएनकिर्ख या जुन्या चर्चशेजारी १९१३ चे डिपार्टमेंट स्टोअर उभे आहे. काचेचे रंगीत छत, भव्य जिने आणि मजल्यामजल्यांवरचे सज्जे असलेली ही इमारत दुकान म्हणून २००९ मध्ये बंद पडली. वेस अँडरसन यांच्या ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ (२०१४) या चित्रपटातले हॉटेल म्हणजे हीच वास्तू. ‘इनग्लोरियस बास्टर्ड्‌स’ आणि ‘द रीडर’ यांचेही काही चित्रण या शहरात झाले. युद्धपूर्व युरोपचा रस्ता हवा असेल तर येथे सजावट फारशी करावी लागत नाही, हे त्यामागचे कारण.

पुढे तटबंदीचे अवशेष लागतात: जाड भिंतींचा डिकर टुर्म, उंच राइखेनबाखर टुर्म आणि कायझरट्रुट्स हा गोल बुरूज. तेथून वरचा बाजार, म्हणजे ओबरमार्क्ट, सुरू होतो. त्याच्या टोकाला फ्रान्सिस्कन मठाचे चर्च आहे. १५२७ मध्ये विणकरांनी नगरसभेविरुद्ध कट केला, तो उघडकीस आला आणि कटवाल्यांना कठोर शिक्षा झाल्या. ते ज्या बोळातून ये-जा करत, त्याला आजही ‘फेररेटरगासे’, विश्वासघातक्यांचा बोळ, म्हणतात. त्यांना गस्तीच्या हाती सापडवण्यासाठी मठाचे घड्याळ सात मिनिटे पुढे ठेवले होते, अशी आख्यायिका आहे. ती सांगताना एक विसरू नये: बोळाचे नाव जिंकणाऱ्यांनी ठेवलेले आहे. विणकरांना नगरसभेत आवाज हवा होता. नगरसभेतल्या श्रीमंत व्यापाऱ्यांचे वाडे सगळे पाहतात. ज्यांच्या मागांवर ते उभे राहिले त्यांची आठवण या बोळातच उरली आहे.

ब्रूडरश्ट्रासे उतरत जाताना श्योनहोफ ही वास्तू लागते. वेंडेल रोस्कोप्फ या स्थपतीने १५२६ मध्ये बांधलेले हे घर जर्मनीतील सर्वांत जुन्या प्रबोधनकालीन नागरी वास्तूंपैकी एक समजले जाते. आता त्यात सायलीशियाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. समोर नगरभवन आहे. त्याचा बाहेरचा वळणदार जिनाही रोस्कोप्फचाच (१५३७-३८). कठड्याजवळच्या न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी नाही. मनोऱ्यावर दोन घड्याळे असून खालच्यातले माणसाचे मुंडके दर मिनिटाला जबडा उघडते. येथल्या घड्याळांशी व कालगणनेशी बार्थोलोमेउस स्कुल्टेटस (१५४०–१६१४) याचे नाव जोडलेले आहे. हा खगोलज्ञ शहराचा नगराध्यक्षही होता; १५८४ मध्ये या प्रदेशात ग्रेगरियन पंचांग लागू करण्यात त्याचा पुढाकार होता.

खालचा बाजार, उंटरमार्क्ट, हा गोर्लिट्सचा गाभा. वेळ थोडा असेल तर बाकी सगळे सोडून येथेच थांबावे. चौकाभोवतीची व्यापाऱ्यांची घरे ‘हालेनहाउस’ प्रकारची आहेत. दारातून मालाची गाडी थेट आत येई. आत दोन-तीन मजले उंच, वरून उजेड येणारा दिवाणखाना असे आणि भोवतीच्या सज्ज्यांवर राहण्याच्या खोल्या उघडत. पुण्या-नाशिकच्या वाड्यातला चौक ज्याने पाहिला आहे, त्याला ही रचना लगेच कळेल. फरक इतकाच की थंडीमुळे येथे आकाश छपराखाली घ्यावे लागले. या दिवाणखान्यांत कापडाबरोबर वेडचे सौदे होत. वेड ही निळा रंग देणारी वनस्पती. तिच्या साठवणुकीचा व विक्रीचा खास हक्क गोर्लिट्सला चौदाव्या शतकात मिळाला होता. भारतातून समुद्रमार्गे येणाऱ्या निळीत रंगद्रव्य कितीतरी पट जास्त असल्याने सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपभर वेडचा धंदा ढासळत गेला. चौकातल्या २२ क्रमांकाच्या घराचे दार ‘कुजबुजती कमान’ म्हणून प्रसिद्ध आहे. कमानीच्या खोबणीशी तोंड नेऊन हलकेच बोलले तर दुसऱ्या टोकाला कान लावलेल्याला शब्द स्पष्ट ऐकू येतात.

येथून पेटरश्ट्रासेने नदीवरच्या खडकावर उभ्या पेटरकिर्ख या चर्चकडे जाता येते. पंधराव्या शतकातील या पाच दालनी चर्चचे आजचे जोडमनोरे १८९१ मध्ये पूर्ण झाले. आत १७०३ मधील ‘सूर्य-ऑर्गन’ आहे. एउजेनिओ कास्पारिनी याने त्याच्या दर्शनी भागावर सोनेरी सूर्यमुखे बसवली आणि नळ्या त्यांच्याभोवती किरणांसारख्या मांडल्या. जुन्या नक्षीच्या चौकटीत आजचे वाद्य १९९७ मध्ये बसवलेले आहे. ते वाजत असताना ऐकायला मिळाले तर सोडू नये.

चर्चखालच्या उतारावरून पाच मिनिटांत माणूस पोलंडमध्ये असतो. ७ मे १९४५ रोजी, युद्ध संपायला एक दिवस उरला असताना, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नायसेवरचे पूल उडवून दिले. इमारती बाँबहल्ल्यांतून जवळजवळ सुरक्षित राहिल्या, पण शहर दुभंगले. नदी सीमा ठरली, पूर्व तीरावरच्या जर्मनांना घरे सोडावी लागली आणि तेथे पोलिश कुटुंबे वसवली गेली. त्यांतली अनेक सोव्हिएत संघाने घेतलेल्या पूर्व पोलंडमधून स्वतःच उखडून आलेली होती. पुढे ग्रीसमधील यादवी युद्धाचे हजारो निर्वासितही झ्गोझेलेत्समध्ये आले. काठावरच्या ‘ग्रीक बुलेव्हार’ला नाव त्यांच्यावरूनच मिळाले. ६ जुलै १९५० रोजी पूर्व जर्मनी व पोलंड यांनी ही सीमा मान्य करणारा करार याच तीरावरच्या, घुमट असलेल्या स्मारकभवनात केला. ते भवन आता पोलिश सांस्कृतिक केंद्र आहे. १९७२ मध्ये दोन्ही देशांतली ये-जा सोपी झाली, १९८० मध्ये पोलंडमधल्या सॉलिडॅरिटी चळवळीच्या धास्तीने ती पुन्हा आवळली गेली. जुन्या शहराचा पादचारी पूल पुन्हा उभा राहायला २००४ साल उजाडले.

पूल ओलांडल्यावर लगेच याकोब ब्योम (१५७५–१६२४) याचे घर आहे. चांभारकाम करणाऱ्या या गूढवादी विचारवंताने १६१२ मध्ये ‘आउरोरा’ लिहिले. धर्मगुरू ग्रेगोर रिख्टर याच्या विरोधामुळे त्याच्यावर लेखनबंदी आली; पुढे हेगेलने त्याला जर्मन तत्त्वज्ञानाच्या आरंभीच्या विचारवंतांत गणले. त्याचे घर पोलंडमध्ये आणि थडगे जर्मनीतल्या निकोलाय स्मशानभूमीत आहे. याच बाजूला, वस्तीच्या दक्षिणेला, श्टालाग आठ-अ हा युद्धकैद्यांचा तळ होता. फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसिआं तेथे कैदेत असताना त्याने पियानो, व्हायोलिन, चेलो व क्लॅरिनेट यांसाठी रचलेली ‘काळाच्या अंतासाठी’ ही चतुर्वाद्य-रचना १५ जानेवारी १९४१ रोजी कैद्यांसमोर प्रथम वाजली. शहराच्या मध्यभागापासून हा तळ अंमळ दूर आहे, तरीही जावे.

परतताना नगरोद्यानातून यावे. तेथे १५° पूर्व रेखावृत्ताची शिळा आहे. मध्य युरोपीय प्रमाणवेळ याच रेखावृत्ताची. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° ची. अंतर ६७.५°, म्हणजे बरोबर साडेचार तास. जवळचे १९११ चे सिनॅगॉग १९३८ च्या नोव्हेंबरातल्या ज्यूविरोधी हिंसाचाराच्या रात्री पेटवले गेले होते, पण अग्निशामक दलाने आग विझवली. सॅक्सनीतली इतर बहुतेक सिनॅगॉग त्या रात्री नष्ट झाली. २०२१ पासून ते सांस्कृतिक सभागृह आहे.

पूर्व जर्मनीच्या काळात दुरुस्तीअभावी जुने शहर मोडकळीस आले होते. १९९० नंतर सरकारी निधी आला, आणि १९९५ पासून एका अनामिक दात्याने दरवर्षी दहा लाख मार्क (पुढे तेवढ्या किमतीचे युरो) देणे सुरू केले. ही देणगी २०१६ पर्यंत चालली. नाव कधीच बाहेर आले नाही. आज शहरात सु. ४,००० वास्तू संरक्षित आहेत. मात्र रोजगार घटल्याने तरुण बाहेर गेले आणि अनेक सुंदर घरे रिकामी राहिली. लोक यावेत म्हणून काही आठवडे मोफत राहून पाहण्याची योजनाही शहराने राबवली. दर्शनी भिंती वाचवण्याचे काम झाले आहे. त्यांमागे राहणारी माणसे टिकवण्याचे काम अजून बाकी आहे.

ड्रेस्डेनहून रेल्वेने सु. दीड तासात गोर्लिट्सला पोचता येते. शेंगेन व्हिसा दोन्ही तीरांना चालतो. पलीकडे चलन झ्लॉटी आहे. जर्मनीने २०२३ पासून व पोलंडने २०२५ पासून या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली असल्याने पूल ओलांडताना पारपत्र जवळ ठेवावे.