गोखल्यांची छत्तिसाव्या वर्षींची निवृत्ति

गृहस्थानें घर केव्हां सोडावें याची एक मार्मिक खूण आपल्या धर्मशास्त्रानें सांगून ठेविली आहे. अंगावर सुरकुत्या दिसूं लागल्या, केस पिकले आणि नातवाचें तोंड पाहिलें, म्हणजे वनाची वाट धरावी, असें मनूचें सांगणें आहे. याचा अर्थ उघड आहे. मुलें संसाराला लागलीं, इतकेंच नव्हे तर त्यांनाही मुलें झालीं, म्हणजे बापाची सुटका. पुढें इंग्रजी अमलांत सरकारी नोकरीला पंचावन्न वर्षांची मर्यादा पडली, आणि पेन्शन व नातू हीं दोन्ही बहुधा बरोबरच घरांत येऊं लागलीं. आज मात्र चाळिशींतलीं माणसेंही नोकरीला रामराम ठोकण्याचे हिशेब मांडतात, आणि त्या वेळीं त्यांचीं मुलें पाटी-दप्तर घेऊन शाळेंत जात असतात. हा प्रश्न अगदीं नवा आहे असें कोणी समजूं नये. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०२ सालीं फर्ग्युसन कॉलेज सोडलें, तेव्हां ते छत्तीस वर्षांचे होते, आणि आईवेगळ्या दोन मुली त्यांच्या घरांत वाढत होत्या. देशसेवेच्या इतिहासांत या घटनेचें वर्णन पुष्कळ झालें आहे. आज आपण तिच्याकडे घराच्या उंबरठ्यावरून पाहूं.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक या गांवीं झाला. वडील कृष्णराव १८७९ सालीं वारले, तेव्हां गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधु गोविंदराव यांनीं आपलें शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरिली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठीं पाठवूं लागले. उरलेल्या सातांत बाकीचें घर चाले. कमावता पुरुष उठून गेला म्हणजे मागें राहिलेल्यांना काय सोसावें लागतें, हें गोपाळरावांना पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. भावाचें शिक्षण हें आपल्या शिक्षणाचें मोल आहे, ही जाणीव घेऊनच ते १८८४ सालीं बी. ए. झाले.

पुढें न्यू इंग्लिश स्कूलमध्यें पस्तीस रुपयांवर ते शिक्षक झाले व १८८६ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद बनले. या सभासदत्वाचा करार पाहण्यासारखा आहे. वीस वर्षें सेवा करावयाची, पगार दरमहा पंचाहत्तर रुपये, आणि सभासदाच्या नांवानें तीन हजार रुपयांचा आयुष्याचा विमा. त्यागाची प्रतिज्ञा ज्या कागदावर, त्याच कागदावर बायकामुलांची तरतूद! आपण उपाशी राहूं असें म्हणण्याचा अधिकार माणसाला आहे, पण आपल्या मुलांच्या वतीनें तसें म्हणण्याचा नाहीं, हें त्या तरुण मंडळींनीं जाणलें होतें. आगरकर १७ जून १८९५ रोजीं वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं गेले, तेव्हां अशी तरतूद किती निकडीची होती हें सर्वांनाच दिसून आलें.

याच संस्थेंत एक मोठा वाद माजला होता. आजीव सभासदानें संस्थेबाहेर कांहीं उद्योग करून मिळकत करावी कीं करूं नये? सर्व शक्ति संस्थेलाच वाहिली पाहिजे, असा टिळकांचा कटाक्ष होता. इतरांना संसाराची ओढाताण दिसत होती. हा व असे आणखी कांहीं मतभेद विकोपास जाऊन १८९० च्या डिसेंबरांत टिळक बाहेर पडले. गोखले इतरांच्या बाजूला होते. ना. ज. बापट यांच्या सहकार्यानें त्यांनीं अंकगणिताचें एक पुस्तक तयार केलें होतें. तें पुढें शाळाशाळांतून चाललें, इतर भाषांतही गेलें आणि त्याचें उत्पन्न त्यांना नियमितपणें मिळूं लागलें. अपूर्णांक आणि त्रैराशिक सोडवितांना ज्या मुलांच्या डोळ्यांत पाणी आलें असेल, त्यांना आपण एका देशभक्ताच्या चुलीला लांकडें पुरवीत आहों याची कल्पना नसेल.

आतां १९०२ सालाकडे येऊं. पत्नी त्याआधींच निवर्तल्या होत्या, आणि गोपाळरावांनीं पुन्हां लग्न केलें नाहीं. ज्यांना ते गुरु मानीत, ते न्यायमूर्ति रानडे १९०१ च्या जानेवारींत गेले. वरिष्ठ कायदे कौन्सिलांत निवड झाल्यामुळें कलकत्त्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. कॉलेज आणि कौन्सिल या दोन दगडांवर पाय ठेवणें त्यांना पटेना. १९ सप्टेंबर १९०२ रोजीं कॉलेजनें निरोप दिला, तेव्हां त्यांनीं एक गोष्ट सांगितली. समुद्रकांठीं एक मनुष्य राहत होता. टुमदार घर, पिकाऊ शेतें, भोंवतीं प्रेमळ कुटुंब. पण समुद्राची ओढ त्याला स्वस्थ बसूं देईना. शेवटीं सर्वस्व विकून त्यानें नाव लोटली. लाटांनीं दोनदां त्याला मागें फेकलें, तरी तो समजला नाहीं. तिसऱ्यांदा समुद्रानें त्याला गिळलें. माझी स्थिति कांहीं अंशीं अशीच आहे, असें गोखले म्हणाले. या गोष्टींतल्या त्या प्रेमळ कुटुंबाचें पुढें काय झालें, हें गोष्टींत नाहीं. मला वाटतें, सभागृहांतल्या प्रत्येक संसारी माणसाच्या मनांत तोच प्रश्न आला असेल.

प्रत्यक्षांत गोपाळरावांनीं त्या मनुष्याप्रमाणें सर्वस्व विकलें नव्हतें. निवृत्तिवेतन दरमहा तीस रुपये ठरलें. जोडीला अंकगणिताचें उत्पन्न. आणि सर्वांत मोठा ठेवा म्हणजे एकत्र कुटुंब. या तिसऱ्या ठेव्याचा आंकडा कोणत्याच वहींत चढत नाहीं. ते हिंवाळ्यांत कलकत्त्यास असत. १९०५, १९०६ आणि १९०८ सालीं ते विलायतेस गेले. १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत होते. अशा दिवसांत मुलींच्या वेण्या कोणी घातल्या, तापांत उशाशीं कोण बसलें, शाळेंतून आल्यावर खाऊ कोणी दिला? घरांतल्या माणसांनीं. नोकरी सोडणाराला स्वातंत्र्य मिळतें खरें, पण त्याचें भाडें घरांतलें कोणीतरी भरीत असतें. निवृत्त होऊन जो घरीं बसेल त्यानें हें भाडें स्वतः भरावें. गोपाळरावांची निवृत्ति तशी नव्हती, तें कामांतून अधिक कामांत जाणें होतें. त्यांचें मोठेपण मान्य करूनही मुलींच्या बाजूची ही उणी बाकी मांडल्याशिवाय हिशेब पुरा होत नाहीं.

ही बाकी त्यांना स्वतःला दिसली असावी, असें मानण्यास आधार आहे. १२ जून १९०५ रोजीं त्यांनीं भारतसेवक समाज स्थापन केला. त्याच्या सात प्रतिज्ञांत एक अशी आहे कीं, माझ्यासाठीं व माझ्या कुटुंबासाठीं समाज जी तरतूद करील तींत मी संतोष मानीन आणि स्वतःसाठीं पैसा मिळविण्यांत शक्ति खर्च करणार नाहीं. उत्तरार्धांत १८९० सालचा टिळकांचा आग्रह ऐकूं येतो. पूर्वार्धांत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा विम्याचा कागद दिसतो. पंधरा वर्षांपूर्वीं ज्यावरून माणसें दुरावलीं, त्या दोन्ही बाजू एकाच वाक्यांत नांदूं लागल्या. सेवक विरक्त असेल, पण त्याचें कुटुंब वाऱ्यावर पडणार नाहीं. त्याची जबाबदारी संस्था घेईल.

पुढें १९११ सालीं त्यांनीं प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. ज्या पालकाची प्राप्ति दरमहा दहा रुपयांपेक्षां अधिक नाहीं, त्याच्या मुलाला फी पडूं नये, असें कलम त्यांत होतें. १९१२ सालीं तें बिल नामंजूर झालें. पण आठ रुपयांवर शिकलेल्या मुलानें दहा रुपयांची ती रेघ ओढली होती, हें माझ्यासारख्या शाळामास्तराला विसरतां येत नाहीं.

गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, एकोणपन्नासावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच वारले. सरकारी मर्यादेपर्यंत नोकरी करीत राहिले असते, तर निवृत्तीचा दिवस त्यांना दिसलाच नसता. म्हणून लवकर सुटावें असें कोणाला वाटलें, तर त्याला दोष देतां येत नाहीं. मात्र नाव लोटण्यापूर्वीं त्यानें तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं: मुलांच्या भाकरीची सोय काय, आपल्या वांट्याचें घरकाम कोण उचलणार, आणि मोकळा झालेला वेळ कोणाच्या कारणीं लागणार? हीं उत्तरें वहींत लिहून भागत नाहीं. तीं घरांतल्या माणसांना विचारूनच द्यावीं लागतात.