नाडीवरील पहारा

श्रीवर्धन तालुक्यांतील बोर्ली पंचतन हें नारळी-पोफळींच्या बागांचें गांव. अशा गांवांत पहांटे उठतांना एखाद्या कर्त्या पुरुषाचें तोंड वांकडें व्हावें, वाचा जावी, हात लुळा पडावा आणि घरच्यांनीं ‘अर्धांगवायूचा झटका आला’ म्हणून गाडी म्हसळ्याच्या वाटेस लावावी, ही गोष्ट कोणास अपरिचित नाहीं. पुढें मोठ्या रुग्णालयांत मेंदूचें स्कॅन निघतें, मानेच्या रक्तवाहिन्या तपासल्या जातात, हृदयाचा आलेख म्हणजे ई. सी. जी. काढतात, आणि पुष्कळदां उत्तर मिळतें कीं, मेंदूंत रक्ताची गुठळी अडकली खरी, परंतु ती आली कोठून हें उमगत नाहीं. त्या शोधाचा इतिहास मनगटावरील नाडीपासून सुरू होतो.

शार्ङ्गधरसंहितेंत नाडीच्या गतीस सर्प, बेडूक, हंस यांच्या चालीची उपमा दिली असून, जी नाडी थांबून थांबून चालते ती प्राणघातक समजावी, असें सांगितलें आहे. निरीक्षण मार्मिक होतें. पण वैद्याचें बोट मनगटावर राहणार तें घटकाभरच.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हॉलंडांतील लायडन येथें विल्लेम आइन्थोव्हेन यानें हृदयांतील सूक्ष्म विद्युत्प्रवाह कागदावर रेखाटण्याचें यंत्र सिद्ध केलें. त्याबद्दल त्यास १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९०९ सालीं लंडनच्या थॉमस लुईस यानें या आलेखांवरून दाखविलें कीं, अत्यंत अनियमित चालणाऱ्या नाडीचें मूळ हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या थरथरण्यांत असतें. कप्पा नीट आकुंचन पावला नाहीं, म्हणजे त्यांतील रक्त सांचून राहतें, गोठतें आणि गुठळी प्रवाहाबरोबर मेंदूकडे जाते. अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम गांवच्या दीर्घ पाहणींत या विकारानें अर्धांगाचा धोका सुमारें पांचपट वाढतो असें आढळलें.

अडचण एवढीच कीं, ही थरथर पुष्कळांच्या बाबतींत येते आणि जाते, व रोग्यास तिची जाणीवहि होत नाहीं. आलेख काढतेवेळीं हृदय सरळ चाललें, तर चोर निसटला! यावर अमेरिकेंतील नॉर्मन होल्टर यानें उपाय योजिला. सुमारें ३८ किलो वजनाचें यंत्र पाठीवर घेऊन त्यानें चालत्या माणसाचीं हृत्स्पंदनें नभोवाणीच्या लहरींवरून टिपलीं. १९६१ सालीं त्याची पद्धति प्रसिद्ध झाली, आणि चोवीस तासांचा आलेख रुग्णालयांत रूढ झाला.

परंतु चोवीस तासहि अपुरे ठरले. २०१४ सालीं दोन संशोधनें प्रसिद्ध झालीं. कॅनडांत अज्ञातकारण झटक्याच्या ५७२ रुग्णांपैकीं तीस दिवस पट्टा बांधलेल्यांत दर शंभरीं सुमारें १६ जणांत हा विकार सांपडला, तर एक दिवसाच्या आलेखांत अवघ्या ३ जणांत. दुसऱ्यांत ४४१ रुग्ण होते. छातीच्या कातडीखालीं बसविलेल्या छोट्या यंत्रानें तीन वर्षांत शंभरीं ३० जणांत तो टिपला. नेहमींच्या तपासणीनें ३ जणांतच.

या शोधावर औषध अवलंबून असतें. विकार निश्चित झाल्यास रक्त गोठूं न देणारीं औषधें देतां येतात. वॉर्फरिननें अशा रोग्यांतील अर्धांगाचे झटके सुमारें दोन-तृतीयांशांनीं कमी होतात. मग शोधाविना सर्वांस तीं कां देऊं नयेत? त्याचेंहि उत्तर २०१८ सालीं मिळालें. सात हजारांहून अधिक रुग्णांत रिव्हरॉक्सॅबनची तुलना ॲस्पिरिनशीं केली. झटके कमी झाले नाहींत, रक्तस्राव मात्र वाढला. तसेंच, महिन्यांनंतर आढळलेली क्षणिक थरथर हेंच मूळ कारण, असेंहि छातीठोक म्हणतां येत नाहीं. तें तारतम्य डॉक्टरांनींच पाहावयाचें.

म्हणून बोर्लीच्या घरीं परतलेल्या रोग्यानें ‘ई. सी. जी. चांगला आला’ एवढ्यावर समाधान मानूं नये. हृदयावर अधिक काळ पहारा ठेवावयाचा काय, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें. आणि घरच्यांनींहि अधूनमधून मनगटावर बोट ठेवावें. नाडी अडखळतांना आढळली, तर त्याच दिवशीं जवळच्या दवाखान्यांत आलेख काढवावा.